तांब्या ठेवायचा कुणाच्या घरात?

मध्यंतरी लागोपाठ तीन शनिवार आमचा खेळ बंद होता. कारण काय, तर एक तांब्या. तोही खरा नाही, कागदावरचा. पाच शिकलेली, कमावती माणसं एका कागदावरच्या तांब्यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली हे घरी सांगायची सोय नाही, म्हणून इथे सांगतो. चूक माझी होती हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. :)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार (इंग्रजीत डंजन मास्टर, डीएम), बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "समोर दरी आहे, पलीकडे दिवा दिसतोय." खेळाडू सांगतात आम्ही काय करतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, लहानपणी आपण "मी राजा, तू चोर" खेळायचो तेच, फक्त तीनशे पानांच्या नियमपुस्तकासकट. इंजिनियर लोकांना हा खेळ का आवडतो ते वेगळं सांगायला नको.

आमच्या ग्रुपचा सूत्रधार मी. पुण्यात एकाच्या फ्लॅटवर शनिवारी संध्याकाळी बसतो. दोन वर्षं आम्ही पुस्तकातलीच कथानकं खेळलो. बर्फाचे डोंगर, दारूचे गुत्ते, ड्रॅगन. मग कंटाळा आला. म्हटलं, आपण आपल्याकडचं जग का करू नये? मी वडूजचा. खटाव तालुका, येरळेचा काठ. (नदी म्हणायचं ती पावसाळ्यापुरती, हे तिकडच्यांना माहीत आहेच.) मग मी खटाव-माणसारखंच एक जग बनवलं. भूषणगडाखाली भुयार, औंधच्या यमाईच्या डोंगरासारखा एक डोंगर, उघडे माळ, चाऱ्यासाठी कळप घेऊन निघालेले मेंढपाळ. आणि त्या जगात शत्रू म्हणजे राक्षस नाही, दुष्काळ. प्रत्येक खेळाडूच्या कागदावर जिवाचे पॉइंट असतात तसे मी पाण्याचे पॉइंट ठेवले. मजल दरमजल जायचं तर पाण्याचा हिशोब करून जायचं. वाटेत विहीर कोरडी निघाली तर माघारी फिरायचं.

चार खेळाडूंची चार पात्रं. नावं देत नाही, पात्रांवरूनच ओळखा: पैलवान, वाटाड्या, व्यापारी आणि वैदीण. वैदीण म्हणजे आमच्याच ऑफिसातली एक टेस्टर. ती माण तालुक्यातली. माझ्यापेक्षा दुष्काळ तिला जास्त माहीत. मी बसस्टँडजवळ वाढलो, आमच्या नळाला चार दिवसांनी का होईना पाणी यायचं. तिच्या वाडीला टँकर यायचा, आणि टँकरचा हॉर्न वाजला की शाळेतून पळत यायचं हे तिचं काम होतं.

आता तांब्याकडे येतो.

भूषणगडाखालचं भुयार पार केल्यावर खेळाडूंना काहीतरी बक्षीस द्यायचं होतं. मला तयारीला वेळ मिळाला नव्हता (रिलीजचा आठवडा), म्हणून पुस्तकातल्या खजिन्याच्या तक्त्यावर फासा टाकला. आलं काय, तर 'डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर'. कधीही न आटणारी सुरई. मी तिचा तांब्या केला आणि देऊन टाकला. गंमत म्हणजे पाणी निर्माण करणारा मंत्र मी या जगातून आधीच काढून टाकला होता, इतका मी सावध! पण तांब्या डोळ्यांसमोरून सरळ निसटला. टेस्टर लोक ज्याला एज केस म्हणतात ती हीच.

तांब्या घेतला वैदिणीने. बाकीच्यांना त्यात रस नव्हता, पैलवान तर "तलवार नाही का निघाली?" म्हणत होता. तिने मात्र नियम नीट वाचला आणि कॅल्क्युलेटर काढला.

तो हिशोब तुम्हीही बघाच. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे तांब्याचं बूच काढून तीनपैकी एक शब्द उच्चारायचा. पहिल्या शब्दाला १ गॅलन पाणी, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ३० गॅलनची कारंजी. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. ३० गॅलन म्हणजे सुमारे ११३ लिटर. सहा सेकंदाला ११३, म्हणजे मिनिटाला ११३६ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर नऊ मिनिटांच्या आत फुल्ल! चोवीस तास चालवला तर १६ लाख लिटरच्या वर. जलजीवन मिशनचा माणशी रोजचा ५५ लिटरचा निकष लावला, तर हा एक तांब्या २९ हजारांहून जास्त माणसांना पुरतो. धरण नको, पाइपलाइन नको, वीजबिल नको.

आणि पुस्तकात या वस्तूचा दर्जा काय? 'अनकॉमन'. खालून दुसरी पायरी. किंमत १०१ ते ५०० मोहरा. त्याच पुस्तकमालेत पूर्ण लोखंडी चिलखत १५०० मोहरांना आहे. म्हणजे एका चिलखताच्या पैशात हजारो माणसांचं पाणी.

पुढच्याच सत्रात माझं जग कोसळलं. पाण्याचे पॉइंट निरर्थक झाले. कोरड्या विहिरीपाशी मी पंधरा मिनिटं वातावरण उभं केलं, आणि वैदिणीने शांतपणे बूच काढलं. व्यापाऱ्याने तर तिथल्या तिथे टँकरचा धंदा काढला, दर घागरीला चार आणे. :) सहा महिने खपून लिहिलेलं कथानक दोन तासांत संपलं.

मग मी ते केलं जे रात्री दोन वाजता घाबरलेला माणूस प्रॉडक्शनवर करतो. कुणाला न विचारता पॅच टाकला. पुढच्या शनिवारी सुरुवातीलाच सांगितलं, "सकाळी तुम्ही उठता, तर तांब्या नाही. रात्री चोर येऊन गेला." फासा टाकू दिला नाही, पहारा कोण देत होतं विचारलं नाही. गेला म्हणजे गेला.

वैदीण थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, खेळातसुद्धा पाणी पळवलंस होय?" आणि उठून चप्पल घातली.

त्यानंतर तीन शनिवार बंद.

या तीन शनिवारांत मी बरंच वाचलं, कारण मला सिद्ध करायचं होतं की माझं बरोबर होतं. बॅलन्सवर या खेळात पन्नास वर्षं डोकेफोड झाली आहे. सूत्रधार सढळ हाताने जादू वाटत सुटला की खेळ बेचव होतो, हे पहिल्या पिढीलाच कळलं होतं. मग हळूहळू गणित आलं. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यात जादूच्या तलवारीच्या किमतीचं चक्क सूत्र आहे: बोनसचा वर्ग गुणिले दोन हजार. प्लस एक तलवार २ हजार, प्लस दोन ८ हजार, प्लस तीन १८ हजार (तलवारीचा लोखंड-मजुरीचा खर्च वेगळा). फासा वीस बाजूंचा, त्यामुळे प्रत्येक प्लस एक म्हणजे नेम लागायची शक्यता पाच टक्क्यांनी वर. स्वच्छ हिशोब. पाचव्या आवृत्तीत आणखी एक चांगला नियम आला, अ‍ॅट्यूनमेंटचा: भारी वस्तूशी आधी सूत जुळवावं लागतं, आणि एका माणसाचं एका वेळी फार तर तीन वस्तूंशीच सूत जुळतं. म्हणजे कपाट कितीही भरा, अंगावर तीनच. मला हा नियम फार आवडतो, आपल्याकडच्या फ्लॅटमालकांनाही लावावा.

पण हे सगळं गणित लढाईचं आहे. तलवार कुठल्याही जगात पाच टक्केच देते, मग ते जग बर्फाचं असो की माणदेशाचं. तांब्याचं तसं नाही. नदीकाठच्या राज्यात तो पिकनिकची बाटली आहे. वडूजच्या माळावर तो सिंहासन आहे. पुस्तकातली किंमत ही पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावातली किंमत असते! पहिलं पुस्तक ज्या गावातून निघालं त्याचं नाव लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन राज्यात, आणि नावाप्रमाणेच ते तळ्याकाठी आहे. त्यांना पाण्याची सुरई किरकोळ वाटली यात नवल नाही. चूक त्यांची नाही. त्यांचा तक्ता माझ्या माळावर आंधळेपणाने चालवणाऱ्याची आहे.

बरं, मग तांब्या जास्त ताकदवान होता हे तर सिद्ध झालं. मग काढून घेतला यात चुकलं काय?

याचं उत्तर मला महाभारतात सापडलं. (हसू नका. व्यासांएवढा अनुभवी सूत्रधार दुसरा कोण?) कर्णाची कवचकुंडलं बघा. जन्मापासून अंगावर, कसलीच अट नाही, ती असेपर्यंत कर्णाला मारणं अशक्य. खेळाच्या भाषेत साफ ओव्हरपॉवर्ड. ती काढल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. व्यासांनी काय केलं? रात्री चोर पाठवला नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात मागायला येणार हे सूर्याने कर्णाला आधीच सांगितलं. म्हणजे खेळाडूला पूर्ण माहिती दिली. तरी कर्णाने ती स्वतः कापून दिली, कारण मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही हे त्याचं व्रत. आणि बदल्यात मिळाली इंद्राची शक्ती: अचूक, पण एकदाच वापरता येणारी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. त्याच्या हातून वस्तू गेली, पण त्याची कथा दुप्पट मोठी झाली. मी तांब्या घेतला तेव्हा वैदिणीची कथा शून्य झाली.

अक्षयपात्राचंही तेच. वनवासात सूर्याने युधिष्ठिराला दिलेलं पात्र, पण द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं रिकामं. वर्षानुवर्षं लोकांना जेवू घातल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याला आठवतो तो एकच दिवस, द्रौपदीचं जेवण झाल्यावर दुर्वास शिष्यांसकट दारात येऊन उभे राहिले तो. जादूच्या वस्तूत कथा असते ती तिच्या ताकदीत नाही, तिच्या अटीत.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं सापडलं. तांब्या परत करू आणि एक अट घालू, दिवसातून तीनदाच चालेल वगैरे. रेट लिमिट. झालं काम.

त्याच सुमारास मी वडूजला गेलो होतो. जेवताना आईने विचारलं, शनिवारी हल्ली घरीच असतोस का रे? मग तिला सगळं सांगावं लागलं. फासे, पात्रं, तांब्या. तिने भाकरी थापता थापता ऐकलं. मला वाटलं विचारेल, "ह्याचे पैसे देतात का तुला?" पण तिने वेगळंच विचारलं: "आरं, पर त्यो तांब्या ठिवायचा कुणाच्या घरात?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हंजी पाणी संपत न्हाई हे कळलं. पर त्यो ज्याच्या घरात, त्याच्या दारात जाऊन हुबं ऱ्हावं लागंल का न्हाई बाकीच्यांना? टँकर कुणाच्या दारापुढं थांबायचा, ह्याच्यावर काय काय झालंय ते तुला काय म्हाईत."

मला हे सुचलंच नव्हतं. माझा सगळा विचार तांब्यातून किती पाणी येतं यावर चालू होता. आई विचारत होती ते पाणी कुणाचं.

आणि मग डोक्यात ट्यूब पेटली, कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्याच नदीवर, थोडं खाली, एकदा देऊन झालं आहे. येरळा वडूजवरून पुढे सांगली जिल्ह्यात उतरते आणि शेवटी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. वाटेत खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं लागतात. तिथे १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी आणि गावकऱ्यांनी बळीराजा स्मृती धरण उभं केलं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते, त्याविरुद्ध आधी लढा झाला. मग थोडी वाळू गावाने स्वतः विकून धरणाला पैसा उभा केला. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो वाटपाचा नियम: पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने. ज्याला शेत नाही त्या भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हक्क. पुढे आटपाडी भागात १९९३ पासून पाणी परिषदा सुरू झाल्या, त्यांची मागणीही हीच, समन्यायी वाटप.

विचार करा, धरण म्हणजे गावाच्या दृष्टीने जादूची वस्तूच. आणि त्या लोकांनी ती बॅलन्स कशी केली? धरण लहान करून नाही. 'दिवसातून तीनदाच' म्हणून नाही. ते कुणा एकाच्या घरात जाणार नाही असा नियम करून. आज उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी आमच्या तालुक्यात काही भागात पोचलंय, त्याचा आनंद आहेच. पण आईचा प्रश्न प्रत्येक चारीवर तसाच उभा आहे.

असो. परत आमच्या टेबलावर येतो.

चौथ्या आठवड्यात मी वैदिणीला फोन केला. सरळ सांगितलं, चुकलो, तांब्या परत देतो, चोरी झालीच नाही असं धरू. रोलबॅक. ती म्हणाली, "मला तांब्याचं काही नाही रे. पण लहानपणी मी कितीदा तरी झोपताना मनात म्हणायचे, एक असं भांडं मिळावं. ते मिळालं, आणि तू एका वाक्यात काढून घेतलंस. मला ठरवू तरी द्यायचंस." यावर मी काय बोलणार? मी तिला आईचा प्रश्न सांगितला. ती हसली आणि म्हणाली, शनिवारी येते.

त्या शनिवारी मी तांब्याचा एकही नियम बदलला नाही. फक्त गावाबाहेर दीडशे माणसं घागरी घेऊन उभी केली, आणि विचारलं, "आता?"

पुढचे चार तास एकही लढाई झाली नाही, आणि इतकं रंगलेलं सत्र आमच्या ग्रुपने पाहिलं नव्हतं. व्यापारी म्हणाला विकू. पैलवान म्हणाला मी पहारा देतो, पण माझ्या घराला दुप्पट. वाटाड्याने नियमातली बारीक गोष्ट काढली: २०१४ च्या आवृत्तीत पाणी एका फेरीनंतर आपोआप थांबतं, म्हणजे दर सहा सेकंदांनी कुणीतरी शब्द उच्चारायलाच हवा. चोवीस तासांत १४,४०० वेळा! (आधीच्या साडेतीन आवृत्तीत एकदा शब्द म्हटला की थांब म्हणेपर्यंत पाणी चालूच राहायचं.) म्हणजे तांब्याला पाणी फुकट आहे, पण माणूस लागतो. मग पाळ्या आल्या. पाळीला कोण, रात्रीची कुणी घ्यायची, ज्याच्या घरात म्हातारं माणूस एकटंच आहे त्याची पाळी कुणी भरायची. वैदिणीने शेवटी तांब्या चावडीत ठेवला, स्वतःच्या हाताने. पाळी प्रत्येक घराची, घागरी माणशी सारख्या, शेत असो नसो. आणि आपल्या कागदावरून तिने तांब्या खोडला.

आता ती वस्तू तिच्याकडे नाही. पण त्या जगात कुठल्याही वाडीवर तिला दार बंद नाही. आणि शेजारच्या देशमुखाला चावडीतला तांब्या हवा आहे, त्यामुळे मला पुढच्या सहा महिन्यांचं कथानकही मिळालं. पाण्याचे पॉइंटही अजून चालू आहेत, कारण माळावर निघताना तांब्या मागेच राहतो.

माझ्यासारखे जे सूत्रधार असतील त्यांच्यासाठी या उद्योगातून जे शिकलो ते एवढंच. वस्तू देण्याआधी तिची ताकद पुस्तकात बघू नका, आपल्या जगात ज्या गोष्टीची टंचाई आहे तिच्याशी लावून बघा. चुकून जास्त दिलीत तर गुपचूप काढू नका. खेळाडूला सगळं सांगा आणि ठरवू द्या, तो तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतो. आणि वस्तू दुबळी करण्याआधी एकदा विचारा, ही एकाच्याच खिशात का आहे? बॅलन्सची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पैलवान अजून तलवार मागतोय. देईन म्हणतो. प्लस एक. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.